खरं ख्रिसमस ट्री टिकवायचं तर पाणी सांभाळा

पहिल्यांदाच खरं झाड आणताय ना, मग सगळ्यात आधी पाण्याकडे लक्ष द्या. झाड तोडल्यावर काही तासांतच बुंध्याच्या कापावर चिकट राळ सुकून बसते आणि पाणी वर चढेनासं होतं. म्हणून स्टँडमध्ये, म्हणजे झाड उभं धरणाऱ्या पाण्याच्या भांड्यात, ठेवायच्या आधी तळाची एक-दोन सेंटीमीटरची चकती करवतीने सरळ कापून टाका आणि लगेच पाण्यात ठेवा. बुंधा स्टँडमध्ये बसत नाही म्हणून कडेची साल मात्र अजिबात तासू नका. पाणी वाहून नेणारा भाग सालीलगतच असतो. त्यापेक्षा मोठं स्टँड आणा.

पहिल्या दिवशी झाड तीन-चार लिटर पाणीसुद्धा पिऊ शकतं, तेव्हा सकाळ-संध्याकाळ वाकून बघाच. पाणी कापाच्या खाली गेलं की पुन्हा राळ धरते, आणि मग सजवलेलं झाड उतरवून परत कोण कापणार? साखर, ॲस्पिरिन वगैरे काही घालू नका, साधं नळाचं पाणी पुरतं.

हीटरपासून लांब ठेवा. दिवे एलईडीचेच लावा, झोपताना बंद करा. फांदीवरून हात फिरवल्यावर सुया भराभर गळायला लागल्या, की सण संपायची वाट न बघता झाड घराबाहेर काढा. वाळलेलं झाड फार पटकन पेटतं.