एका रात्रीच्या सायकल कॅम्पिंगसाठी हँडलबारला स्वस्तात कोणती बॅग लावावी?

बेळगावहून जांबोटीकडे एका मुक्कामाला जाताय, तर बाइकपॅकिंगची, म्हणजे सायकललाच सामान बांधून फिरण्यासाठी बनवलेली महागडी बॅग अजिबात घेऊ नका. आठ-दहा लिटरची साधी ड्राय बॅग (तोंड गुंडाळून बंद करायची, पाणी आत न शिरणारी पिशवी) आणि बकलचे दोन पट्टे, एवढ्यावर भागतं. पट्टे बॅगा शिवणाऱ्याकडून शिवून घ्या. ड्राय बॅगचं तोंड तीनदा गुंडाळून क्लिप लावली, की आपल्याकडच्या पावसातही आतलं सामान कोरडं राहतं.

खरी काळजी घ्यायची ती केबलची. बॅग थेट बारवर आवळली तर ब्रेकच्या केबल दुमडतात आणि ब्रेक जड होतो. मी जुन्या ट्यूबचे पट्टे कापून बारवर जिथे पट्टा बसतो तिथे जाड गुंडाळते. बॅग दोन बोटं पुढे राहते, केबल मोकळ्या राहतात, शिवाय रबरामुळे पट्टा सरकत नाही. पहिल्या वेळी हे केलं नव्हतं. उतारावर बॅग खाली घसरली आणि टायरला घासून तिला रुपयाएवढं भोक पडलं. पुढे सस्पेन्शन असेल तर बार जोरात दाबून बघा. तेव्हाही टायर आणि बॅग यांत चार बोटं अंतर हवंच.

वजन दोन किलोच्या आत ठेवा: स्लीपिंग बॅग, जर्किन, तंबूचं कापड. पाणी, स्टोव्ह, भांडी मागे कॅरियरवर, नाहीतर हँडल वळवताना जड लागतं. ड्रॉप बार (रेसिंग सायकलला असतं तसं खाली वळलेलं हँडल) असेल तर बॅगची लांबी आधी मोजा, नाहीतर हात अडकतात. आणि हेडलाइट बॅगेमागे झाकला जातो, तो फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यावर हलवा.