‘अडीच टक्केच’ म्हणण्याआधी छेद बघा

तुमचा प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे १ कोटी ६० लाख लोक सैन्यात होते, मेले ४ लाख ५ हजार, म्हणजे अडीच टक्केच, मग हे युद्ध सैनिकांसाठी एवढं जीवघेणं कसं?

भागाकार बरोबर आहे, घोळ छेदात आहे. त्या १ कोटी ६० लाखांत कारकून, स्वयंपाकी, गोदाम सांभाळणारे आणि मायदेशाबाहेर पाऊलही न टाकलेले, सगळे आले. अंशही सरमिसळ आहे. प्रत्यक्ष लढाईत मेलेले सुमारे २ लाख ९२ हजार, बाकीचे अपघातात, आजारपणात वगैरे.

आता त्याच युद्धातली ब्रिटनची बॉम्बर कमांड, म्हणजे हवाई दलाची बॉम्बफेकी विमानांची शाखा घ्या. विमानात बसणारे साधारण १ लाख २५ हजार, त्यातले ५५,५७३ मेले. ४४ टक्के! इथे छेदात फक्त उडणारे आहेत, जमिनीवरचे नाहीत.

पण हे ४४ टक्केसुद्धा सरासरीच. पहिल्या फेरीची नेमणूक साधारण ३० मोहिमांची असे. एका मोहिमेत ५ टक्के विमानं परतत नाहीत असं धरा. ऐकायला किरकोळ वाटतं. काही जण ५ गुणिले ३० करून १५० टक्के काढतात, ते तर साफ चूक. १०० विमानांपैकी पहिल्या रात्रीनंतर ९५ उरतील, दुसरीनंतर ९०, दहावीनंतर ६०, विसावीनंतर ३६ आणि तिसावीनंतर जेमतेम २१. शिवाय सगळ्या रात्री सारख्या नसतात: मार्च १९४४ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर गेलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ एका रात्रीत गमावली, म्हणजे १२ टक्के. (न परतलेल्या विमानातले सगळे मेले असंही नाही, या कमांडचे ९,८०० च्या आसपास लोक कैदी झाले.)

नागरिकांशी तुलना तर फार जपून करा. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या काळात अमेरिकी नौदलात दर हजारी ९ मृत्यू आणि न्यूयॉर्क शहरात दर हजारी १६, ही तुलना भरतीच्या प्रचारात वापरली गेली. म्हणजे घरी बसण्यापेक्षा युद्धनौका बरी! शहराच्या आकड्यात तान्ही मुलं, म्हातारे, आजारी सगळे होते. नौदलात तपासून घेतलेले धडधाकट तरुण. माझ्या मते आकडे खरे ठेवून फसवण्याचा याहून चोख नमुना सापडणं कठीण.

पुढे तुम्हाला व्हिएतनाम आणि इराकशीही तुलना करायची आहे, तर तक्त्यात जखमींचा रकाना ठेवाच. लढाईत घायाळ झालेल्या अमेरिकी सैनिकांपैकी दगावणारे दुसऱ्या महायुद्धात सुमारे ३० टक्के होते, व्हिएतनाममध्ये २४, इराक-अफगाणिस्तानात १० च्या आसपास. नुसते मृतांचे आकडे शेजारी-शेजारी मांडलेत, तर सर्जन आणि जखमींना उचलून आणणाऱ्या हेलिकॉप्टरांची कमाई तुम्ही लढाई सौम्य झाल्याच्या खात्यात जमा कराल.