कमी पावडर, पण धोका कमी नाही

.३०-०६ या रायफलच्या काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्का कमी व्हावा म्हणून ते स्वतः भरताना पिस्तुलाची जलद जळणारी पावडर थोडीशी भरली तर चालेल का, असं विचारलंय. चालतं. शिशाच्या ओतीव गोळ्या वापरणारे हे फार पूर्वीपासून करत आलेत. पण ‘पावडर कमी म्हणजे धोका कमी’ हे तुमच्या मित्राचं म्हणणं आधी डोक्यातून काढून टाका.

नेहमीची रायफल पावडर या काडतुसाच्या पितळी पुंगळीत साधारण ५० ग्रेन (सव्वातीन ग्रॅमच्या आसपास) भरतात. चुकून दोनदा पडली तर ती टेबलावर सांडते आणि चूक लगेच कळते. जलद पावडर त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास लागते, तळाशी चिमूटभर. ती दोनदा पडो की तीनदा, वर गोळी निमूट बसते. आणि दुप्पट पावडरीचा दाब दुप्पटीवर थांबत नाही, त्याच्या बराच पुढे जातो. रायफली फुटतात त्या अशाच. म्हणून मी रिकाम्या पुंगळ्या उलट्या ठेवतो, एक उचलून भरतो, टॉर्चने आत बघतो आणि लगेच गोळी बसवतो. मध्ये कुणी हाक मारली तर हातातली पुंगळी रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून. घरचे वैतागतात, वैतागू देत.

दुसरं टोक म्हणजे फारच कमी भरणं. तांब्याचं आवरण असलेली गोळी नळीतून ढकलायला शिशापेक्षा जास्त जोर लागतो. तो पुरला नाही तर ती मध्येच अडकते. माझ्याकडून एकदा झालंय. आवाज नुसता फुस्स आला, तरी सवयीने हात पुढच्या काडतुसाकडे गेलाच होता. थांबलो, बोल्ट काढून नळीतून पाहिलं तर पलीकडचा उजेडच दिसेना. आवाज वेगळा वाटला की आधी नळी बघायची, मग बाकी सगळं.

मोकळ्या जागेत पावडर पुढे-मागे सरकते, त्यामुळे वेगही थोडा बदलतो. ती जागा कापसाने भरायचा सल्ला काही जण देतील. मी भरत नाही. अशा भरणीमुळे चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, वळ्यासारखा फुगवटा आल्याचं सांगितलं जातं.

आणि संथ जळणारी रायफल पावडर निम्मी करून वापरायचा विचार असेल तर तो सोडा. ती नीट पेट घेत नाही आणि क्वचित दाब अचानक भलताच चढतो. अपवाद हॉजडन कंपनीच्या एच-४८९५ या पावडरीचा. तुमच्या काडतुसासाठी हॉजडनने तिचा जो कमाल भार (म्हणजे पावडरीचं वजन) छापलाय, त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली यायला कंपनीच सांगते. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत, कारण ती दोनदा पडली तर पुंगळीच्या तोंडाशी येते, नजरेतून सुटत नाही.

जलद पावडरच हवी असेल तर भार छापील पुस्तकातलाच घ्या, माझ्यासारख्याने सांगितलेला नको. तुमच्याकडच्या गोळ्या ओतीव आहेत की आवरणाच्या, तेवढं कळवा.