मेव्ह : कानाला एक, कागदावर तीन

होणाऱ्या मुलीचं नाव मेव्ह ठेवायचंय, पण अर्थ ‘नशा आणणारी’ निघाला म्हणून साताऱ्याच्या सासूबाई नको म्हणतात, हे तुमचं वाचलं आणि आमच्या मुलीचं नाव मेव्ह ठेवलं तेव्हाचे आमचे डब्लिनमधले दिवस आठवले.

अर्थ खराय, पण तुम्ही त्यांना अर्धाच सांगितलात. हे जुनं आयरिश नाव आणि आपले मधु, मध एकाच मुळाचे. मधाची दारू, ती चढवणारी ती मेव्ह. आयरिश कथांमध्ये ती कॉनक्टची, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या प्रांताची राणी. नवऱ्याशी संपत्तीची तुलना करताना एक बैल कमी पडला, म्हणून बाई थेट उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतावर चालून गेली! स्लायगोजवळ नॉकनारे डोंगरावर दगडांची प्रचंड रास आहे. तिथे तिला उभीच पुरलंय, शत्रूकडे तोंड करून, असं लोक सांगतात. १९७७ सालच्या एका आयरिश पौंडाच्या नोटेवरही तीच होती.

आता आमचं दुखणं. या नावाची मुख्य स्पेलिंगं तीन : एम-ई-ए-डी-एच-बी-एच, सुटसुटीत एम-ई-ए-बी-एच आणि इंग्रजी वळणाचं एम-ए-ई-व्ही-ई. जन्मनोंदणीत आम्ही दुसरं लिहिलं. पुढे भारताच्या कागदांचा अर्ज भरताना मी शहाणपणा केला. तिकडे वाचता यावं म्हणून तिसरं टाकलं. अर्ज परत. खिडकीतल्या बाईंनी दाखल्यावर पेन्सिल टेकवून विचारलं, “यात व्ही कुठाय?” बी-एचचा उच्चार व्ह होतो, हे मी तीन खेपांत तीन जणांना समजावलं. प्रत्येकाने नवीन कागद मागितला, आधी काय मागितलं ते कुणालाच ठाऊक नाही. चार महिने गेले, भावाचं लग्न हुकलं. चूक माझीच, पण पहिल्याच दिवशी सगळं एकदम सांगायला काय जात होतं?

म्हणून माझं मत (मी वकील नाही, नियम बदलले असतील, स्वतः विचारून घ्या) : एकच स्पेलिंग धरा आणि लसीकरणाच्या कार्डापासून सगळीकडे तेच लिहा. दुसरं स्पेलिंग घेतलंत तर त्यातल्या ‘ई’वरची तिरकी रेघ, म्हणजे फाडा, दाखल्यावर मागून घ्याच. ती आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखी आहे. शॉन या मुलाच्या नावातली रेघ काढली तर उरतो ‘म्हातारा’. पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत मात्र ती येत नाही, तिथे घाबरू नका.

आणि सासूबाईंचं म्हणाल, तर आमच्या आईला व्ह जमलाच नाही. ती सरळ ‘मेवा’ म्हणते. आता घरात सगळेच म्हणतात.