बावटा लागला, बोट थांबली. आगाऊ रकमेचे काय?

दिवाळीच्या सुट्टीचे बेत आखले जाऊ लागले की समुद्रसहलींविषयीची पत्रे येऊ लागतात. या वेळी त्यांपैकी स्कूबा डायव्हिंगच्या बोटींची आगाऊ रक्कम आणि रद्द झालेल्या फेऱ्या यांविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : बडोद्यातील आम्ही तीन कुटुंबांनी मिळून मालवणला स्कूबासाठी एक संपूर्ण बोट ठरवली होती. २४,००० रुपयांपैकी १२,००० रुपये दीड महिना आधी यूपीआयने पाठवले. ठरलेल्या दिवशी बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे खराब हवामानाचा इशारा, लागला आणि एकही बोट सुटली नाही. दुसऱ्या दिवशी कुडाळहून आमची परतीची गाडी होती. आता बोटवाले म्हणतात की पैसे परत मिळणार नाहीत, मे महिन्यापर्यंत केव्हाही या. पैसे मिळाल्यावर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जो संदेश पाठवला होता, त्याच्या शेवटी ‘अ‍ॅडव्हान्स नॉन-रिफंडेबल’ असे लिहिलेले आहे. आमचा काही हक्क राहतो का? — एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण शेवटी लिहिली आहे. परतावा न देण्याची अट पैसे गेल्यानंतर आली. बोट, तारीख आणि भाडे ठरून आगाऊ रक्कम पोहोचली तेव्हाच करार पूर्ण झाला होता, आणि पूर्ण झालेल्या करारात एका बाजूने मागाहून घातलेली अट दुसऱ्या बाजूवर आपोआप बंधनकारक होत नाही. तेव्हा यूपीआयची पावती आणि तो संदेश, दोन्हींवरची तारीख व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. (मोबाइल बदलताना जुने संदेश किती सहज जातात, हे सांगायला नको.)

ती अट बाजूला ठेवली, तर प्रश्न भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कक्षेत येतो. ठरलेले काम कोणाचीही चूक नसताना अशक्य झाले, तर कलम ५६ प्रमाणे करार रद्दबातल होतो, आणि रद्दबातल झालेल्या कराराखाली ज्याने लाभ घेतला असेल त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी, असे कलम ६५ सांगते. बावटा लागण्यात आपला दोष नव्हता, तसा बोटवाल्याचाही नव्हता. आपण तर ठरल्या वेळी धक्क्यावर हजर होता. त्यामुळे ‘ग्राहकाने रद्द केले’ हा शेरा आपल्या बाबतीत लागूच पडत नाही. मात्र खराब हवामानात काय करायचे याचा नियम पैसे देण्यापूर्वीच स्पष्टपणे ठरला असता, तर न्यायालयाने प्रथम तो नियम पाहिला असता आणि आपली बाजू बरीच कमकुवत झाली असती.

असा नियम आधी लिहून देणे हे बोटवाल्याचे काम होते, असे माझे मत आहे. अरबी समुद्रात पावसाळा सरल्यानंतरही वादळे उठतात. नोव्हेंबर २००९ मधील फयान आणि २०१९ च्या ऐन दिवाळीत आलेले क्यार ही वादळे कोकण किनाऱ्यावर कोणी विसरलेले नाही. ज्याचा व्यवसायच समुद्रावर चालतो, त्याने बावट्याच्या दिवसाची तरतूद केलेली नसणे समजण्यासारखे नाही.

तरीही पूर्ण १२,००० रुपयांसाठी हटून बसण्याआधी त्या दिवशी त्याचा खरोखर किती खर्च झाला, याचा विचार करावा. न जळलेले डिझेल टाकीत राहिले. भरून ठेवलेली हवेची सिलिंडरे समुद्र खुला झाला की वापरता आली. तांडेल (बोटीचा प्रमुख), खलाशी आणि प्रशिक्षक यांची त्या दिवसाची मजुरी मात्र बहुधा द्यावीच लागली. एवढा भाग वजा करून उरलेली रक्कम मागितली, तर तडजोड लवकर होईल आणि ती मला न्याय्यही वाटते. त्यामागे एक स्वार्थही आहे. बावटा असताना बोट न काढणारा तांडेल आपल्या मुलाबाळांच्या हिताचेच वागला. न निघाल्यास सगळे नुकसान एकट्याच्याच अंगावर पडणार असेल, तर पुढच्या वेळी ‘बघू या, थोडे आत जाऊन येऊ’ असे म्हणण्याचा मोह त्याला होईल.

पुढील तारखेचा पर्याय आपण खरोखर उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार असाल तरच स्वीकारा, कारण पावसाळ्यात हा व्यवसाय बंद असतो आणि मे उलटला की ते आश्वासन कागदावरच राहते. स्वीकारल्यास भाडे तेच राहील, आपल्याऐवजी दुसरे कोणी गेले तरी चालेल आणि पुन्हा बावटा लागल्यास रक्कम परत मिळेल, या तिन्ही गोष्टी लिहून घ्या. रेल्वेचे आणि राहण्याचे पैसे मात्र बोटवाल्याकडून मिळण्याची आशा धरू नये. त्याने काही चूक केलेली नाही.

प्रश्न : माझ्या मुलीने अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे स्कूबाच्या ‘ओपन वॉटर’ या प्राथमिक कोर्ससाठी ३० टक्के रक्कम भरली होती. तिथे पोहोचल्यावर तिला वैद्यकीय प्रश्नावली देण्यात आली. लहानपणी कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाल्याचे तिने खरे लिहिले. डॉक्टरांचे पत्र जवळ नसल्यामुळे तिला पाण्यात उतरू दिले नाही आणि रक्कमही ठेवून घेतली. तिने हे लपवायला हवे होते का? — एक आई, फत्तेगंज

उत्तर : मुळीच नाही. पाण्यात दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्याचा पहिला ताण कानाच्या पडद्यावर येतो. हा कोर्स अठरा मीटरपर्यंत उतरण्याची पात्रता देणारा आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कानाबाबत डॉक्टरांनी तपासून सही केल्याखेरीज कोणत्याही जबाबदार प्रशिक्षकाने तिला पाण्यात नेले नसते, आणि नेऊही नये.

प्रवेश नाकारणे योग्य होते. रक्कम ठेवून घेणे योग्य होते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर प्रश्नावली तिच्या हाती कधी पडली यावर अवलंबून आहे. ही प्रश्नावली जगभर एकाच नमुन्यात वापरली जाते आणि कोणालाही आधी मिळू शकते. ती नोंदणीच्या वेळी पाठवली असती, तर मुलीने इथेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना कान दाखवून सही आणली असती, किंवा त्यांनी नको म्हटल्यास विमानाची तिकिटेच काढली नसती. पैसे आधी आणि प्रश्नावली किनाऱ्यावर, हा क्रम सेवेतील त्रुटी आहे असे म्हणता येईल आणि त्या आधारावर परतावा मागता येईल. मात्र नोंदणीच्या ईमेलमध्ये प्रश्नावलीची लिंक होती आणि ती उघडली गेली नाही, असे निघाले तर मागणीत फारसा दम उरत नाही. तो ईमेल एकदा नीट पाहा.

आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. खरे सांगणाऱ्याचे पैसे बुडणार असतील, तर नाक चोंदलेला माणूसही ‘मला काही होत नाही’ म्हणून सही करील. कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता डाइव्ह नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हे या खेळात पहिल्याच पाठात शिकवले जाते. मग त्या हक्काची किंमत भरलेल्या संपूर्ण रकमेएवढी ठेवणारे धोरण त्या शिकवणीच्या विरुद्धच जाते. चांगली केंद्रे वैद्यकीय कारणासाठी रक्कम पुढच्या तारखेला वळती करतात. पैसे भरण्यापूर्वी हा एक प्रश्न विचारला, तरी केंद्राची पारख होते.

प्रश्न : कर्नाटकातील मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाकडे जाणाऱ्या बोटीवर आम्ही मित्रांनी सहा जागा पूर्ण पैसे भरून घेतल्या होत्या. दहा दिवस आधी दोघांना रद्द करावे लागले. ‘पंधरा दिवसांच्या आत शंभर टक्के कपात’ हा नियम आम्हाला माहीत होता. प्रत्यक्षात त्या दोन जागांवर दुसरे दोघे आले आणि बोट भरून गेली. तरीही परतावा नाही? — एक वाचक, अलकापुरी

उत्तर : नियम माहीत होता हे आपण प्रांजळपणे लिहिले आहे, त्यामुळे पहिल्या पत्रातील मुद्दा इथे चालणार नाही. दुसरा आहे. करार मोडणाऱ्याकडून किती रक्कम घ्यायची हे आधी ठरलेले असले, तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा केवळ कमाल मर्यादा असतो. मिळते ती त्या मर्यादेतील वाजवी भरपाई. आधीच भरलेली रक्कम जप्त करण्यालाही हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात सांगितले, आणि नुकसानच झाले नसेल तर भरपाईही नाही, ही भूमिका कैलाशनाथ असोसिएट्सच्या २०१५ च्या निकालात घेतली. दोन्ही प्रकरणे जमिनीच्या व्यवहारांची होती, पण तत्त्व तेच आहे. बोट भरून गेली असेल, तर बोटवाल्याचे नुकसान नव्याने जागा विकण्याच्या खटाटोपाएवढेच झाले.

त्या दिवशी बोटीवर गेलेल्या आपल्या चौघा मित्रांचे लेखी निवेदन आणि त्यांनी काढलेली छायाचित्रे इथे उपयोगी पडतील. जागा रिकाम्या राहिल्या असत्या, तर मात्र मी बोटवाल्याची बाजू घेतली असती. लहान बोटीवरच्या दोन जागा ऐन हंगामात दहा दिवसांवर रिकाम्या होणे त्याला परवडणारे नसते.

प्रश्न : अशा तक्रारीसाठी मालवणला किंवा कर्नाटकात जावे लागते का? वकील लागतो का? — एक ज्येष्ठ नागरिक, रावपुरा

उत्तर : नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे आपल्याला बडोद्यातच. वकील सक्तीचा नाही. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. त्याआधी समोरच्याला मुदत देऊन लेखी मागणी पाठवावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. लहान रकमांचे बरेच तंटे त्याच टप्प्यावर मिटू शकतात.

तक्रारीचा मजकूर लिहिताना एक काळजी घ्या. नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड लावणारी अट याच कायद्याने ‘अनुचित करारा’त मोडते, पण त्या कारणाची तक्रार जिल्हा आयोगासमोर चालत नाही, त्यासाठी अहमदाबादच्या राज्य आयोगाकडे जावे लागते. पाच-दहा हजारांसाठी तो प्रवास नको असेल, तर तक्रारीचा भर सेवेतील त्रुटीवर आणि न दिलेल्या सेवेचे पैसे अडकवून ठेवण्यावर ठेवावा.