अमेरिकेत न्यायालयात भरलेला दंड आणि शुल्क शेवटी कोणाच्या खात्यात जाते?

आपला प्रश्न असा आहे की, आपल्या भावाला नॉर्थ कॅरोलायनात वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल जी रक्कम भरावी लागली तीत प्रत्यक्ष दंड थोडा आणि ‘कोर्ट कॉस्ट’, म्हणजे न्यायालयीन शुल्क, त्याच्या कितीतरी पट का आहे, हा पैसा कोणाला मिळतो, आणि वेगवेगळ्या राज्यांचे कायदे त्याची वाटणी कशी ठरवतात. मी याच राज्यात राहतो आणि आमच्या काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) अर्थसंकल्पाच्या सुनावण्यांना आवर्जून जातो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. थोडक्यात उत्तर असे की, दंडाची रक्कम स्थानिक सार्वजनिक शाळांना जाते, तर ‘कोर्ट कॉस्ट’चा मोठा भाग राज्याच्या तिजोरीत जाऊन उरलेला अनेक लहानमोठ्या निधींत वाटला जातो. या दोन वाटा वेगळ्या असल्यामुळेच दंड लहान आणि शुल्क मोठे झाले आहे, असे माझे मत आहे आणि त्याची कारणे पुढे देतो.

नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्यघटनेच्या नवव्या प्रकरणातील सातवे कलम सांगते की, राज्याच्या दंडविषयक कायद्यांच्या भंगाबद्दल काउंटीत वसूल झालेल्या सर्व दंडांचे निव्वळ उत्पन्न त्या काउंटीचेच राहील आणि ते केवळ मोफत सार्वजनिक शाळांसाठी खर्च होईल. ‘निव्वळ’ म्हणजे वसुलीचा प्रत्यक्ष खर्च वजा जाता उरलेले, आणि हा खर्चसुद्धा दहा टक्क्यांपेक्षा अधिक दाखवता येत नाही, अशी मर्यादा कायद्याने घातली आहे. न्यायालयाचा लिपिक ही रक्कम काउंटीच्या वित्त अधिकाऱ्याकडे पाठवतो आणि तो ती काउंटीतील शालेय मंडळांमध्ये विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाटतो. म्हणजे ज्या पोलिसाने गाडी अडवली त्याच्या खात्याला, ज्या सरकारी वकिलाने खटला चालवला त्याच्या कार्यालयाला आणि ज्या न्यायाधीशाने दंड ठोठावला त्याच्या न्यायालयाला त्या दंडातून काहीही मिळत नाही. वसूल करणारा हात आणि लाभ घेणारा हात वेगळे ठेवण्याची ही तरतूद मला अतिशय शहाणपणाची वाटते. विस्कॉन्सिन, इंडियाना, नेब्रास्का आणि मिझुरी या राज्यांच्या घटनांतही तिची भावंडे आढळतात. विस्कॉन्सिनात दंडाची रक्कम शालेय निधीच्या मुद्दलात जमा होते, त्या मुद्दलातून गावांना आणि शाळांना कर्जे दिली जातात आणि मिळणाऱ्या व्याजातून शालेय ग्रंथालयांसाठी पुस्तके घेतली जातात.

घटनेचे हे बंधन दंडाला लागू आहे, शुल्काला नाही. दंड वाढवला तर पैसा शाळांना जाणार आणि शुल्क वाढवले तर तो विधिमंडळाला हवा तिथे वळवता येणार, अशी स्थिती असल्यावर विधिमंडळ कोणती रक्कम वाढवत राहील हे उघड आहे. म्हणूनच आमच्याकडे साध्या वाहतूक प्रकरणातही दंड कित्येकदा २५ डॉलर असतो आणि ‘कोर्ट कॉस्ट’ मात्र दोनशे डॉलरच्या आसपास पोहोचते. तिच्यातला सर्वांत मोठा घटक म्हणजे ‘जनरल कोर्ट ऑफ जस्टिस फी’, जी जिल्हा न्यायालयात १४७.५० डॉलर आहे आणि जी मुख्यतः राज्याच्या सर्वसाधारण निधीत जाते. न्यायालयाची इमारत पुरवणाऱ्या काउंटीला किंवा शहराला १२ डॉलर, पोलीस अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीला साडेसात डॉलर, अटक करणारा किंवा समन्स बजावणारा अधिकारी ज्या संस्थेचा असेल तिला पाच डॉलर, शिवाय दूरध्वनी यंत्रणा, पोलीस प्रशिक्षण अशा बाबींसाठी आणखी काही रकमा असतात. न्यायव्यवस्था ही सगळी रक्कम गोळा करते, परंतु तिच्या स्वतःच्या खर्चासाठी तिला पुन्हा विधिमंडळाच्या अर्थसंकल्पाकडेच पाहावे लागते. लोकांचा समज असा असतो की आपण भरलेल्या ‘कोर्ट कॉस्ट’मधून न्यायालय चालते, हा समज फार अर्धवट आहे.

दंड आणि शुल्क यांच्यातली ही सीमारेषा किती नाजूक आहे, हे रिचमंड काउंटीच्या शालेय मंडळाने लढवलेल्या खटल्यातून दिसते. आमच्याकडे वेगमर्यादेच्या प्रकरणात वकिलामार्फत तडजोड करून ‘सदोष उपकरण’, म्हणजे गाडीचा वेगदर्शक बिघडलेला होता, असा सौम्य गुन्हा कबूल करण्याची पद्धत फार रूढ आहे, कारण त्यामुळे परवान्यावर दोषाचे गुण (‘पॉइंट’) चढत नाहीत आणि विम्याचा हप्ता वाढत नाही. २०११ मध्ये विधिमंडळाने या कबुलीवर ५० डॉलरचा जादा आकार बसवला आणि तो पैसा किरकोळ गुन्ह्यांतील कैद्यांना काउंटीच्या तुरुंगात ठेवण्याच्या निधीकडे वळवला. शालेय मंडळाचे म्हणणे असे की, ही रक्कम न्यायालयाच्या कोणत्याही कामाचा मोबदला नसून शिक्षाच आहे, तेव्हा तिला शुल्क म्हटल्याने ती शाळांची असायची थांबत नाही. राज्याच्या अपील न्यायालयाने २०१५ मध्ये हे म्हणणे मान्य केले. पण खर्च झालेली रक्कम शाळांना परत मिळवण्याची वेळ आली तेव्हा, २०१७ मध्ये, त्याच न्यायालयाने सांगितले की राज्याच्या तिजोरीतून पैसे देण्याचा हुकूम न्यायालय करू शकत नाही, कारण तिजोरीची किल्ली घटनेने विधिमंडळाकडे दिली आहे. शाळांचा हक्क मान्य झाला आणि पैसे मात्र मिळाले नाहीत. याहून मोठ्या प्रमाणावर हेच आधीही घडले होते. राज्याच्या विविध खात्यांनी वसूल केलेले दिवाणी स्वरूपाचे अनेक दंडसुद्धा शाळांचेच आहेत, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले, २००८ मध्ये सुमारे ७५ कोटी डॉलरचे देणे निश्चित झाले आणि त्यातला बहुतांश भाग शाळांना मिळालेला नाही. घटनेतले स्पष्ट वाक्य अशा रीतीने निष्प्रभ होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सिग्नल तोडणाऱ्यांची छायाचित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यांची हकिकतही याच कलमाशी जोडलेली आहे. हाय पॉइंट शहराच्या प्रकरणात अपील न्यायालयाने २००६ मध्ये ठरवले की कॅमेऱ्यांच्या दंडातील ९० टक्के रक्कम शाळांना द्यावी लागेल. कॅमेरे चालवणाऱ्या कंपनीचा मोबदला उरलेल्या दहा टक्क्यांत भागेना, म्हणून अनेक शहरांनी ती योजनाच गुंडाळली. रस्त्यावरील सुरक्षितता हा योजनेचा हेतू होता आणि तो हेतू खोटा होता असे मी म्हणणार नाही, पण पैशाची वाट बदलताच शहरांचा उत्साह मावळला, हे सत्य नोंदवणे आवश्यक आहे.

आता कॅलिफोर्निया पाहू, कारण तिथे वाटणीचे गणित सर्वांत गुंतागुंतीचे झाले आहे. तिथे लाल सिग्नल तोडल्याचा मूळ दंड १०० डॉलर आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम मात्र सुमारे ४९० डॉलर, हे उदाहरण वर्षानुवर्षे दिले जाते. मूळ दंडाच्या दर दहा डॉलरमागे राज्याचा दहा डॉलर, काउंटीचा सात, न्यायालयांच्या इमारतींसाठी पाच, डीएनए तपासणीसाठी दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली एक आणि चार, आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेसाठी दोन, असे एकूण २९ डॉलर वाढतात. म्हणजे १०० वर २९०. त्यावर २० टक्के राज्य अधिभार धरला की बेरीज ४१० होते. मग न्यायालयीन कामकाजासाठी ४० आणि दोषसिद्धीवरचे ३५ असे ठोक आकार येतात आणि इतर किरकोळ रकमा धरून आकडा ४९० पर्यंत जातो. राज्याच्या दहा डॉलरपैकी ७० टक्के राज्याकडे आणि ३० टक्के काउंटीकडे जातात. राज्याच्या वाट्यातून २०१७ पर्यंत ठरलेल्या टक्केवारीने गुन्ह्यातील पीडितांचा भरपाई निधी, पोलीस प्रशिक्षण, वाहनचालक प्रशिक्षण आणि मासे व वन्यजीव संरक्षण निधीलाही हिस्सा मिळत असे. यातील प्रत्येक काम चांगले आहे. पण चांगल्या कामाचा खर्च सर्व करदात्यांवर न टाकता सिग्नलवर सापडलेल्या माणसावर टाकला की, त्यांतला जो गरीब असतो तो एका चुकीसाठी महिन्याचे घरभाडे गमावतो. कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून फौजदारी प्रकरणांतील २३ प्रकारची प्रशासकीय शुल्के रद्द केली आणि काउंट्यांचे नुकसान भरून काढण्यासाठी वर्षाला साडेसहा कोटी डॉलर देऊ केले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शुल्क रद्द करून त्यावर अवलंबून असलेल्या कार्यालयाला वाऱ्यावर सोडले तर ते कार्यालय दुसरे शुल्क शोधते.

मिझुरी राज्यात शाळांचे कलम असूनही त्याला एक मोठी पळवाट राहिली: राज्याच्या कायद्याखालील दंड शाळांना, पण गावाच्या स्वतःच्या नियमांखालील दंड गावालाच. परिणामी महामार्गावरच्या लहान गावांनी वाहतूक दंडावरच संसार मांडला. मॅक्स क्रीक नावाच्या गावाची प्रसिद्धी इतकी वाईट होती की १९९५ मध्ये त्याच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि वाहतूक दंडातून मिळणारे उत्पन्न गावाच्या एकूण उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त झाल्यास वरची रक्कम शाळांसाठी सोडावी लागेल, अशी मर्यादा घातली गेली. ही मर्यादा पुढे ३५ आणि मग ३० टक्क्यांवर आली, तरी तिची अंमलबजावणी ढिलीच राहिली.

या ढिलाईचे फळ मिझुरीतल्याच फर्ग्युसन शहरात दिसले. ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राउन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाल्यानंतर केंद्रीय न्याय खात्याने तिथल्या पोलिसांची आणि नगर न्यायालयाची चौकशी केली. मार्च २०१५ च्या अहवालानुसार, २०१० च्या आर्थिक वर्षात शहराच्या १.१ कोटी डॉलरच्या उत्पन्नात दंड व शुल्काचे सुमारे १३.८ लाख डॉलर होते. २०१५ च्या अर्थसंकल्पात मात्र सुमारे १.३३ कोटींपैकी ३०.९ लाख डॉलर दंड व शुल्कातून मिळतील असे धरलेले होते. म्हणजे लोक गुन्हा करण्याआधीच त्यांच्या गुन्ह्यांचे उत्पन्न शहराने हिशेबात धरले होते. वसुलीसाठी पोलिसांवर दबाव होता, न्यायालय वॉरंटांचा सर्रास वापर करत होते आणि याचा भार प्रामुख्याने कृष्णवर्णीय रहिवाशांवर पडत होता. २०१५ मध्येच विधिमंडळाने मर्यादा २० टक्क्यांवर आणि सेंट लुइस काउंटीतील गावांसाठी साडेबारा टक्क्यांवर आणली. एकाच काउंटीसाठी वेगळा नियम घटनाबाह्य ठरल्यामुळे २०१७ पासून सर्वत्र २० टक्केच राहिले. २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला: शेरीफांच्या (काउंटीच्या पोलीस प्रमुखांच्या) निवृत्तिवेतनासाठी प्रत्येक प्रकरणावर घेतला जाणारा तीन डॉलरचा आकार न्यायदानाशी वाजवी संबंध ठेवत नाही, म्हणून तो घटनाबाह्य आहे.

न्यायाधीशच लाभार्थी असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्येच दिले आहे. दारूबंदीच्या काळात ओहायोमधील एका गावाचा महापौर खटले चालवत असे आणि आरोपी दोषी ठरला तरच त्याला १२ डॉलर मिळत. न्यायालयाने अशा निवाड्याला न्याय म्हणण्यास नकार दिला. १९७२ मध्ये त्याच राज्यातील दुसऱ्या प्रकरणात तत्त्व आणखी पुढे गेले: पैसा महापौराच्या खिशात न जाता गावाच्या तिजोरीत जात असला, तरी तिजोरी सांभाळण्याची जबाबदारी त्याचीच असेल तर तो निःपक्ष राहू शकत नाही. तरीही २०१९ पर्यंत न्यू ऑर्लिन्समध्ये जामीनदार कंपन्यांमार्फत दिलेल्या जामिनाच्या रकमेतून १.८ टक्के न्यायाधीशांच्या खर्च निधीला जात होते, आणि केंद्रीय अपील न्यायालयाला ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवावी लागली.

महाराष्ट्रातील वाचकांना तुलना हवी असेल तर ती थोडक्यात अशी. तिथे न्यायालय फी हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे आणि फी तसेच दंड राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात. २०१८ मध्ये दिवाणी दाव्यांवरील फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाख रुपये झाली, पण त्यामुळे कोणत्याही न्यायालयाची स्वतःची तिजोरी भरली नाही. दंडाच्या रकमेतून पीडिताला भरपाई देण्याचा अधिकार मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ ने न्यायालयाला दिला आहे.

शेवटी आपल्या भावापुरते. न्यायालयाच्या लिपिकाकडे खर्चाचा तपशील मागितल्यास कोणती रक्कम कोणत्या नावाखाली घेतली हे त्याला दिसेल. रक्कम भरणे खरोखर शक्य नसेल तर निकालाच्या वेळीच न्यायाधीशांना तसे स्पष्ट सांगावे आणि हप्ते किंवा सूट मागावी. सूट देताना न्यायाधीशांना लेखी कारण नोंदवावे लागते, आणि ज्या संस्थांना त्या शुल्काचा वाटा मिळतो त्यांना आधी सूचना व म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ही अट मला अन्यायकारक वाटते, पण तिच्यामुळे मागणी करूच नये असे नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ४० दिवसांची मुदत चुकवू नये, कारण त्यानंतर उशिराचे आणखी शुल्क लागते आणि न्यायालयाने वाहन विभागाला कळवल्यावर परवाना रद्द होण्याची वेळ येते.