किंमत पाडली म्हणून पायरसी थांबेल का?

स्वतः बनवलेला 499 रुपयांचा पीसी गेम टॉरेंटवर (लोक एकमेकांना फुकट फाइली वाटतात तिथे) आलाय, तर किंमत 149 करावी का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं स्पष्ट मत: पायरसी थांबावी म्हणून किंमत पाडू नका. खप वाढावा म्हणून पाडायची असेल तर तो हिशोब वेगळा.

2010 चं हंबल इंडी बंडल आठवा, म्हणजे छोट्या स्वतंत्र निर्मात्यांच्या गेमचा एकत्र विकलेला संच. मनाला येईल ती रक्कम द्या, अगदी एक सेंट दिला तरी सगळे गेम तुमचे. कॉपी-संरक्षण नाही, वर पैशातला वाटा धर्मादाय संस्थांना. तरीही आयोजकांच्या अंदाजाने 25 टक्क्यांच्या आसपास डाउनलोड फुकटचे होते. एका सेंटच्या खाली किंमत कुठे नेणार? 'मॉन्युमेंट व्हॅली' तर चार डॉलरच्या आतला मोबाइल गेम. अँड्रॉइडवर जेमतेम 5 टक्के इन्स्टॉल पैसे भरलेले, आयफोन-आयपॅडवर 40 टक्के. एकाच माणसाची दोन-दोन उपकरणं त्यात मोजली गेली असतील, पण एवढी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. माझ्या मते खरं कारण एकच, अँड्रॉइडवर फुकटची फाइल टाकणं फार सोपं आहे.

किंमतीचा उपयोग झाला तो पोलंडमध्ये, आणि तो कसा झाला हे नीट बघण्यासारखं आहे. 1999 मध्ये सीडी प्रोजेक्ट या पोलिश वितरक कंपनीने 'बाल्डर्स गेट' हा गेम तिथे आणला तेव्हा बाजारात चोरीच्या सीडी उघड विकल्या जायच्या. पण हा गेम पाच सीडींचा, त्यामुळे चोरीचा संचही स्वस्त पडत नव्हता. अस्सल प्रतीत मात्र नामवंत नटांच्या आवाजातले पोलिश संवाद, जाडजूड खोका, नकाशा, नियमांचं पुस्तक. पहिल्याच दिवशी 18,000 प्रती गेल्या. आज टॉरेंटवाल्याचा भाव शून्य आहे, त्यामुळे सीडींचं गणित संपलं. खोक्यातल्या ऐवजाचं गणित अजून लागू आहे.

युरोपियन कमिशनसाठी झालेला आणि 2017 मध्ये बाहेर आलेला अभ्यासही गेमची किंमत पाडून फार काही साधणार नाही असंच सुचवतो. बेकायदा डाउनलोड करणारे जेवढे पैसे द्यायला तयार होते, गेमच्या किमती साधारण तेवढ्याच होत्या. चित्रपटांच्या मात्र बऱ्याच जास्त.

आपल्याकडे पगार आणि पॉकेटमनी बघता डॉलरचा भाव जसाच्या तसा रुपयात लावणं मला अन्यायाचं वाटतं, त्यामुळे स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) रुपयातली किंमत वेगळी ठेवाच. यूपीआय चालत असल्याने कार्ड नसलेला कॉलेजचा पोरगाही घेऊ शकतो. आधी डेमो टाका, कारण बरेच जण फक्त चाखून बघायला क्रॅक (संरक्षण तोडलेली चोरीची प्रत) उतरवतात. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम खरेदीपासून 14 दिवसांत स्टीमवर परत करता येतो, हे पानावर ठळक लिहा. अपडेट लवकर-लवकर द्या, क्रॅकवाले मागे पडतात. आणि 149 वर जाण्याआधी एकदा सेल लावून बघा. मूळ किंमत उतरवून पुन्हा चढवलीत तर त्यानंतर 30 दिवस स्टीम सवलत लावू देत नाही.